मारामारीच्या सिनेमांची माझी आवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'माझा विरंगुळा' या विषयावर चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी तीन दिवस टाळाटाळ केली. माझ्या आधीच्या भगिनींनी क्रोशाच्या विणकामाची, गच्चीवरच्या भाजीपाल्याची आणि ज्ञानेश्वरीच्या पारायणाची किती सुरेख माहिती दिली! त्यांच्या पंक्तीला बसून मी काय वाढावे? पण ऐंशी उलटल्यावर खोटे बोलायचाही कंटाळा येतो. म्हणून सांगूनच टाकते. मला मारामारीचे सिनेमे आवडतात. हसा, हसा. मीही हसले असते.

ही गोडी मला लावली माझ्या आत्याने. आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. घरात तिचा आवाज म्हणून कोणी ऐकला नसेल. भाकऱ्या थापाव्यात, मुलांची नाके पुसावीत आणि कोणी काही बोलले तर खाली मान घालावी, असा तिचा दिनक्रम. महिन्यातून एकदा मात्र ती वडाळ्याच्या विठोबाला जाते म्हणून दुपारची बाहेर पडे. १९५५ साली, मी अकरा वर्षांची असताना, एकदा मलाही बरोबर घेऊन गेली. वाटेत ती वडाळ्याच्या ट्रामकडे न वळता भलत्याच गल्लीत वळली आणि पाच आण्यांची दोन तिकिटे काढून आम्ही अंधारात जाऊन बसलो. जुना 'हंटरवाली' पुन्हा लागला होता.

पडद्यावर एक गोरीपान, चांगली भरल्या अंगाची बाई. डोळ्यांवर बुरखा, पायांत उंच बूट, हातात चाबूक. घोड्यावरून येते काय, भिंतीवरून उडी मारते काय आणि पाच-सहा दांडग्या पुरुषांना लोळवते काय! मी आत्याकडे पाहिले, तर ती बाकाच्या कडेवर येऊन बसली होती. माझे मनगट तिने इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. आणि आमची ती मुकी आत्या मोठ्याने ओरडत होती, "घाल! घाल अजून एक!"

घरी येताना तिने फुटाणे घेऊन दिले आणि एवढेच म्हणाली, "अण्णांनी विचारलं तर गर्दी फार होती म्हणावं." ते काही खोटे नव्हते.

ती पडद्यावरची बाई म्हणजे नादिया. तुमच्यापैकी तरुण मुलींना नावही ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगते. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी जन्मलेली ही मुलगी वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे लहानपणीच मुंबईला आली. दुकानात विक्रीचे काम, बॅले नाच, सर्कस, असे करीत करीत ती जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंच्या कंपनीत आली. त्यांचा स्टुडिओ आमच्या परळलाच होता. शांतारामबापूंचे राजकमल पुढे त्याच जागेत निघाले. 'हंटरवाली' १९३५ चा, दिग्दर्शन होमी वाडियांचे. दुष्ट प्रधानाने गांजलेल्या प्रजेसाठी राजकन्या वेष पालटून लढते, एवढीच त्याची कथा. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' आला. त्यात ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. ही कामे ती स्वतः करीत असे, बरे का. धडधाकट पुरुषाला खांद्यावर उचलून नेणे हा तर तिच्या हातचा मळ होता. तिच्या घोड्याचे नाव 'पंजाब का बेटा' आणि मोटारीचे 'रोल्स राईस की बेटी'! १९६१ साली होमी वाडियांशीच तिचे लग्न झाले. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. १९६८ च्या 'खिलाडी'तही ती पुन्हा दिसली. १९९६ साली मुंबईतच वारली.

आता तुम्ही विचाराल, यात आवडण्यासारखे काय? मारणे-झोडणे पाहून मन कठोर होते असे आमचे यजमान नेहमी म्हणत. ते नाट्यसंगीतातले. त्यांच्याशी वाद घालून कधी जिंकले नाही. पण मला जे वाटते ते असे. नादिया काही चवळीची शेंग नव्हती. तिचे दंड नळावरून दोन हंडे आणणाऱ्या आमच्या चाळीतल्या बायकांसारखे होते. त्या बायका ते दंड पदराखाली झाकून चालत. ही बाई तेच दंड उघडे टाकून हसत हसत आगगाडीच्या टपावर उभी राही. पडले तर काय, लोक काय म्हणतील, साडी सुटेल का, असला एकही प्रश्न तिच्या तोंडावर दिसत नसे. घरी आल्यावर दोन दिवस मला जिना चढताना अंग हलके वाटे. बाकी कथा म्हणाल तर बहुतेक वेळा रद्दीच असे.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. आत्याचा विठोबा माझ्याही कामी आला. माझा विठोबा मॅटिनीला दर्शन देई. पण १९७५ साली 'शोले' लागला तेव्हा लपवायचे कारण उरले नाही, कारण सारी दुनियाच जात होती. मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षे चालला. मी सात वेळा पाहिला. लोकांना गब्बर आवडे, मला बसंती. स्वतःच्या टांग्यावर पोट भरणारी, अखंड बडबडणारी मुलगी. डाकू पाठीस लागतात आणि ती टांगा उधळीत सुटते, त्या वेळी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मांडीवर उभी करून टाळ्या वाजवल्या होत्या. पाठीमागच्या गृहस्थांनी तक्रार केली, ते वेगळे.

यानंतरची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

१९७९ साली माझ्या मुलीच्या शाळेतून एक कागद आला. मुलींना ज्युदो शिकवणार होते. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर. पालकांची सही हवी होती. ती तेरा वर्षांची होती. कागद पुढे करून उभी राहिली, तेव्हा मी गहू निवडत होते. मी वर न पाहताच म्हटले, "हातपाय मोडून घ्यायचेत का? उद्या लग्नाच्या वेळी कोण विचारील?"

ती म्हणाली, "मग तू बसंतीला टाळ्या का वाजवल्यास?"

मी म्हटले, "तो सिनेमा आहे."

तिने कागदाची घडी केली, ताटाखाली सारली आणि आत निघून गेली. पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. मी मात्र पुढच्याच आठवड्यात मॅटिनीला गेले होते.

चाळीस वर्षे गेली. २०१९ साली 'द शोले गर्ल' नावाचा चित्रपट निघाला. मुलीने तो घरीच लावून दाखवला. त्यातून मला कळले की मी सात वेळा जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्या टांग्यावर जोखमीच्या जागी हेमामालिनी नव्हतीच. तिच्या जागी रेश्मा पठाण नावाची मुलगी होती. हिंदी सिनेमातली पहिली स्टंटबाई म्हणून तिचे नाव घेतात. घर चालवण्यासाठी कोवळ्या वयात ती या कामाला लागली होती. बंगलोरजवळ रामनगरला चित्रीकरण चालू असताना टांगा उलटून ती जखमी झाली आणि बरी होऊन पुन्हा टांग्यावर चढली. पडद्यावर तिचे तोंड दिसू नये, हीच तर तिच्या कामाची अट! मला इतके भरून आले की मी म्हटले, "पाहिलंस, काय धीराची मुलगी!"

माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "तिच्या आईने जाऊ दिलं असेल."

रेश्माला गरिबीने धाडले होते, हे आम्हा दोघींनाही दिसत होते. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. मी चहा ठेवायला उठले.

नव्या सिनेमांविषयी दोन शब्द बोलते, कारण नातू मला ते दाखवत असतो. हल्ली माणसे दोरीला बांधून उडवतात आणि दोरी मागाहून संगणकाने पुसून टाकतात. मला त्यात राम वाटत नाही. पडण्याची भीतीच नाही, तर सावरण्याचा आनंद कुठला? रक्ताचे सडे घालणारे सिनेमे तर मी उठून बंद करते. पण मिशेल योह या बाईने १९९२ च्या एका हाँगकाँगच्या चित्रपटात फटफटीवरून धावत्या आगगाडीवर उडी घेतली आहे, तीही स्वतः. ते पाहताना माझ्या हातातला चहा निवला. आत्या असती तर तिने नातवाचे मनगट धरले असते.

तर भगिनींनो, गेल्या महिन्यात आपल्या सभागृहात मुलींसाठी ज्युदोचा वर्ग काढण्याचा ठराव आला. फरशीचा आवाज होईल, कोणाला लागले तर जबाबदारी कोणाची, अशी चर्चा झाली. प्रश्न रास्त होते. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला आणि सतरंज्यांऐवजी जाड गाद्या घ्याव्यात म्हणून थोडी रक्कमही दिली. रात्री मुलीला फोन करून हे सांगितले. ती पलीकडे बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, साठीला टेकलेल्या बायकांना घेतात का गं?"

शिकवणाऱ्या ताईंना मी विचारले. पडायचे कसे एवढे तरी शिकवू, असे त्या म्हणाल्या. शनिवारी चार वाजता पहिला वर्ग आहे. मुलगी गुडघ्याला पट्टा बांधून येणार आहे आणि मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आहे. मनगट धरायला शेजारी कोणी हवे असेल, त्यांनी माझ्या बाजूला येऊन बसावे.