प्रबंध एकट्याचा, शिक्षण अनेकांचे



विज्ञानाचा संशोधक प्रयोगशाळेत चारचौघांत वावरतो; इतिहासाचा किंवा भाषेचा संशोधक ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटा बसतो. तीन-चार वर्षे त्याची गाठ एका मार्गदर्शकाशी आणि कागदांच्या गठ्ठ्यांशी. मार्गदर्शक दूर गेला किंवा निवृत्त झाला, की प्रबंध रखडलाच म्हणून समजावे. हा एकटेपणा अटळच आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणापुढे ठेवणार आहो.

ब्रिटनमध्ये या बाबतीत झालेला एक प्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे संशोधनाची डॉक्टरेट तशी उशिराच आली. ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये स्वीकारली. पुढे मानव्यविद्यांच्या संशोधनास सरकारी पैसा देणारी स्वतंत्र परिषद २००५ मध्ये उभी राहिली. या परिषदेने २०१४ पासून आपल्या शिष्यवृत्त्यांचा मोठा भाग विद्यापीठांच्या संघांकडे सोपविला. लीड्स, शेफील्ड व यॉर्क यांचा एक संघ झाला. ब्रिस्टल, एक्झेटर, कार्डिफ आदींचा दुसरा.

असा संघ करतो काय? विद्यार्थ्यांची निवड सर्वांनी मिळून करावयाची. विषयास गरज असेल, तर एक मार्गदर्शक एका विद्यापीठाचा व दुसरा शेजारच्या विद्यापीठाचा द्यावयाचा. मध्ययुगाचा अभ्यास करणारा विद्यार्थी घ्या. यॉर्कच्या बोर्थविक संस्थेत चर्चच्या कारभाराची शतकानुशतकांची दप्तरे आहेत. मध्ययुगाच्या अभ्यासकांचे आंतरराष्ट्रीय संमेलन दर वर्षी लीड्सला भरते. शेफील्डच्या विद्यार्थ्याला दोन्ही शहरे आपली झाली, तर त्याचा केवढा लाभ! जुने हस्ताक्षर वाचावयास शिकणारे एका गावी दोघेच असतील. तीन गावांचे मिळून दहा जमले, की वर्ग भरतो. शिवाय काही काळ संग्रहालयात किंवा दप्तरखान्यात काम करण्याची सोय असते. कारण डॉक्टरेट झालेल्या प्रत्येकास प्राध्यापकाची खुर्ची मिळत नाही, हे तेथेही खरे आहे.

याला दुसरी बाजूही आहे. संघ म्हटला की समित्या आल्या, प्रवास आला. जे विद्यापीठ संघाबाहेर राहिले, त्याच्या विद्यार्थ्याला त्या शिष्यवृत्तीचे दार बंद झाले. अलीकडे त्या परिषदेने धोरण बदलले असून पैसा पुन्हा एकेका विद्यापीठाकडे देण्याचे ठरविले आहे. तेव्हा खरी कसोटी आता आहे. अनुदानासाठी जुळलेले हात अनुदानाचा मार्ग बदलल्यावरही जुळलेले राहतील काय?

सहकार्याची ही कल्पना आपल्याला मात्र परकी वाटू नये. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी बर्लिनला लूडर्स यांच्याजवळ संशोधनाची शिस्त आत्मसात केली आणि १९२५ मध्ये भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची धुरा घेतली. पोथ्यांची पाठतुलना पुण्यात झाली, तशीच शांतिनिकेतन व तंजावर येथेही झाली. १९४३ मध्ये सुखटणकर गेले. पण काम थांबले नाही, १९६६ मध्ये ते तडीस गेले. एका माणसावर विसंबलेले काम त्या माणसाबरोबर संपते; अनेकांनी वाटून घेतलेले काम पुढे चालते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा दिलेली आहे. मुभा कागदावर आहे. ती वापरावयास शेजारच्या विद्यापीठाशी बोलावे लागते. एखाद्या मुलीला मोडी वाचणारा गुरू आपल्या विद्यापीठात नसेल, तर तिने विषय बदलावा, की आपण तिच्यासाठी शेजारचे दार ठोठवावे? आमच्या मते दार ठोठवावे.