शाळेचा खाडा

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत काम करणारी माणसे. मोठी भाषणे आम्हाला येत नाहीत, पण खाडा म्हणजे काय ते नीट कळते. एक दिवस गेलो नाही की मस्टरवर खाडा पडतो आणि पगाराच्या दिवशी तेवढे पैसे कमी येतात. म्हणून अंगात ताप असला तरी माणूस पाळीला जातो. लेकराच्या शाळेच्या खाड्याचे पैसे कोणी कापत नाही, म्हणून तो खाडा आपल्याला दिसत नाही.

हिशेब करून बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा धरली आहे. महिन्याला पाच खाडे म्हटले तर दहा महिन्यांत ५०. म्हणजे चौथा हिस्सा गेला. चार वर्षांत एक अख्खे वर्ष गेले! पटावर लेकरू चौथीत, पण शिकले तीनच वर्षे. ज्या दिवशी हातच्याची बेरीज शिकवली त्याच दिवशी ते लग्नाला गेलेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे काही कळेना. मग ते मागे सरकून बसते, गुरुजी विचारतील म्हणून भिते, आणि पोट दुखते म्हणून घरी राहते. शाळा एका दिवसात सुटत नाही, ती अशी खाड्याखाड्याने सुटते.

आपल्या नांदेड-लातूर भागात सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आली की घरात हात कमी पडतात. पुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी बसते. ही गरिबीची कारणे आहेत, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण पाव्हण्याचे लग्न, माळेगावची जत्रा, जयंतीच्या मिरवणुकीची तयारी, ह्याला गरिबी म्हणता येणार नाही. १४ एप्रिल नेमका वार्षिक परीक्षेच्या दिवसांत येतो. ज्यांची जयंती आपण करतो ते बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसत, पाण्याच्या नळाला हात लावायची त्यांना बंदी होती. तरी शिक्षण सुटले नाही, १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. नुसती शाळा उघडून भागत नाही, लेकरू रोज वर्गात आले पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. त्यांच्याच नावाचे महाविद्यालय लातूरला आहे आणि 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर झाले. आपणही म्हणतो, पोराला पुढे लातूरला घालू, नांदेडला क्लास लावू. जरूर लावा. पण जो पाया तिथे हजारोंची फी भरून मिळत नाही, तो पहिली-दुसरीत फुकट मिळतो. अट एकच, रोज जायचे.

मग करायचे काय? एखाद्या घरचे लेकरू दोन दिवस शाळेत दिसले नाही, तर तिसऱ्या दिवशी शेजारच्याने त्या घरी जावे. रागावायला नाही, अडचण विचारायला. धाकट्याला अंगणवाडीत घाला, म्हणजे पोरगी शाळेला मोकळी होते. परगावी कामाला जाणाऱ्यांनी लेकरू आजीजवळ ठेवावे. न्यावेच लागले तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येते. आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. बैठकीला जा. गुरुजीच येत नसतील तर तेही तिथे विचारा. खाडा दोन्हीकडचा मोजला पाहिजे.

तथागतांनी शेवटच्या उपदेशात अप्रमाद सांगितला. अप्रमाद म्हणजे हयगय न करणे. लेकराला रोज वेळेवर शाळेत धाडणे हा आपल्या घरातला अप्रमाद आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेला येताना प्रत्येक मायबापाने आपल्या लेकराचे महिन्याचे खाडे मोजून यावे, एवढीच आमची विनंती आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!