मंद चालींत गाडी हिसके कां देते?

हमरस्त्यावर सुरळीत धांवणारी पेट्रोलची मोटार बाजाराच्या गर्दींत शिरतांच हिसके देऊं लागते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. ‘प्लग बदला, कॉइल बदला’ असा सल्ला अशा वेळीं चहूंकडून मिळतो. तो कदाचित् खराहि ठरेल. परंतु रोग न ओळखतां औषध देण्याचाच तो प्रकार होय. हिसका नेमका केव्हां बसतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. (ताशीं १५ किलोमीटरांच्या चालीला तिसरा गिअर ठेवणाऱ्यानें मात्र गाडीला दोष देऊं नये.)

गाडी न्यूट्रलमध्यें उभी करून इंजिन चालू ठेवावें. तें स्वस्थ चालत असेल आणि क्लच सोडतांनाच गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा क्लचचा किंवा इंजिनाच्या माउंटिंगचा. तेथें नवे प्लग घालणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें. उलट उभ्या गाडींतहि इंजिन अडखळत असेल, तर ठिणगी, हवा किंवा पेट्रोल यांपैकीं कांहीं तरी बिघडलें आहे.

चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतें, तेव्हां त्यांत सेकंदाला सुमारें २७ वेळां इंधन पेटतें. वेग वाढला म्हणजे एखादी चुकलेली पेट फ्लायव्हीलच्या जोरांत झांकून जाते. मंद गतींत तीच अंगाला जाणवते. म्हणून ‘वेगांत तर ठीक चालते’ या समाधानांत अर्थ नाहीं.

अलीकडील गाड्यांत स्टीअरिंगखालीं तपासणीचें सॉकेट असतें. तेथें यंत्र जोडल्यावर ‘पी ०३०२’ हा संकेत आला, तर दुसऱ्या सिलिंडरांतील पेट चुकत आहे, एवढाच त्याचा अर्थ. कारण तो सांगत नाहीं, हें कारागीरहि विसरतात. प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन बंद करून व निवल्यावर, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल करावी, जुना संकेत पुसावा व गाडी चालवून पाहावी. आतां ‘०३०३’ आला, तर कॉइलच दोषी. ‘०३०२’ कायम राहिला, तर हाच प्रयोग प्लगांवर करावा. यांत नव्या सामानाला एक दिडकीहि लागत नाहीं! संकेतच नसेल, तर थ्रॉटलवरील काजळी, तुंबलेला एअर फिल्टर व तडकलेली व्हॅक्यूमची नळी यांकडे पाहावें.

एक गोष्ट मात्र उद्यांवर टाकूं नये. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकूं लागला, म्हणजे न जळलेलें पेट्रोल धुराच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें आणि त्याची आंतील जाळी वितळूं शकते. तो भाग कॉइलहून कितीतरी महाग आहे. अशा वेळीं ॲक्सिलरेटर हलका ठेवून गाडी बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावें आणि ती ओढून न्यावी.