भाताच्या वाफेवर गाजर

आजचा भाग छोटा आहे आणि विषय ऐकून काहींना हसू येईल. गाजर वाफवणे. हो, एवढंच. पण चाकण, भोसरी, तळवडे इकडून जे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो: रूमवर भात होतो, अंडं होतं, मॅगी तर होतेच होते, पण भाजीचं काय करायचं?

म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यातली रूम डोळ्यांसमोर आणा. तिघं-चौघं, एक बर्नर, एक छोटा सिलेंडर, दोन पातेली आणि एक कढई. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने २५०पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची सोय ठरवून दिली, त्यामुळे मोठ्या प्लांटला असाल तर एक वेळचं जेवण तिथे होतं. लहान वर्कशॉपला असाल तर तेही नाही. पण दोघांचाही खरा प्रश्न रूमवरच्या जेवणाचा. सेकंड शिफ्ट सुटून बसने येईपर्यंत मेसच्या मावशींनी शटर ओढलेलं असतं. मग भात लावायचा, त्यावर लोणचं, फार तर ऑम्लेट. असं आठवड्यातून पाच दिवस.

लोक म्हणतात, पोरांना भाजी आवडत नाही. मला हे पटत नाही. रात्री साडेबारा वाजता कांदा चिरायचा, फोडणी करायची आणि मग ती कढई घासायची, हे आवडत नाही. भाजी कढईपाशी अडते. म्हणून आज कढई काढायचीच नाही.

तर ऐका. वाटीभर तांदूळ धुऊन दोन वाट्या पाणी घालून पातेल्यात उकळायला ठेवा. कुकर नको, साधं पातेलं. तोवर दोन गाजरं खसखसून धुवा. सालं काढायची गरज नाही, फक्त देठाकडचा हिरवट भाग आणि शेपूट उडवा. करंगळीएवढ्या जाडीच्या चकत्या करा. गाजर जाडजूड असेल तर आधी उभं चिरा, कारण मधला दांडा बाहेरच्या गरापेक्षा हट्टी असतो. सगळे तुकडे एका मापाचे हवेत. नाहीतर पातळ तुकड्यांचा लगदा होतो आणि जाड तुकडे कच्चे राहतात.

आता भाताकडे बघा. पाणी आटत आलं की वर छोटी छोटी भोकं दिसायला लागतात. ती दिसली की चकत्या भातावर पसरायच्या. ढवळायचं नाही, दाबायचं नाही. घट्ट झाकण, गॅस अगदी बारीक, दहा मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकण तसंच ठेवा. मध्ये उघडून बघायचा मोह होतो, तो आवरा. वाफ गेली की दोन्ही अर्धवट राहतात, भात आणि गाजरही. शेवटी सुरीचं टोक घालून बघा. आत जाताना जरासा अडथळा लागला पाहिजे.

एकच भांडं, एकच गॅस, एकच घासणं.

भात नको असेल, चपात्या आणल्या असतील, तर पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, वर स्टीलची चाळणी ठेवा, चाळणीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. वाफ दणदणीत यायला लागल्यावरच गाजर ठेवा आणि झाकून आठ ते दहा मिनिटं. घरी मोदकपात्र असेल तर प्रश्नच मिटला. ते बिचारं गणपतीत एकदा उतरतं आणि वर्षभर माळ्यावर बसतं. आईकडे मागून बघा. ती देणार नाही, ही गोष्ट वेगळी. वाकड, पिंपळे सौदागरकडच्या मायक्रोवेव्हवाल्यांनी काचेच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालून, झाकण किंचित तिरकं ठेवून तीन-चार मिनिटं द्यावीत. आणि चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत प्लीज गाजर घालू नका. तसे व्हिडिओ फिरतात, मला माहीत आहे.

आता कुणीतरी विचारेलच, पाण्यात टाकून उकळलं तर काय बिघडलं? बिघडत काही नाही, फक्त गाजराचा गोडवा पाण्यात उतरतो आणि आपण ते पाणी सिंकमध्ये ओततो. गोडव्याबरोबर सी आणि बी गटातली जीवनसत्त्वंही जातात, कारण ती पाण्यात विरघळतात. वाफवताना गाजर पाण्यात बुडलेलं नसतं, त्यामुळे हे नुकसान बरंच कमी होतं. उकळायचंच असेल तर ते पाणी आमटीत घाला.

नारिंगी रंग ज्याच्यामुळे येतो त्या बीटा-कॅरोटीनचं मात्र उलटं आहे. ते पाण्यात नाही, तेला-तुपात विरघळतं. कच्च्या गाजरात ते पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं. शिजवल्यावर त्या भिंती सैल होतात आणि सोबत थोडा स्निग्ध पदार्थ असला की शरीराला ते जास्त मिळतं, त्यातून अ जीवनसत्त्व तयार होतं. म्हणून वाफवलेल्या गाजरावर चमचाभर तूप किंवा तेल हवंच. डाएटच्या नावाखाली ते गाळू नका.

गाजर खाल्लं की अंधारात चांगलं दिसतं, हे तुम्ही ऐकलं असेल. अ जीवनसत्त्व फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, एवढं खरं. पण ज्याला कमतरताच नाही त्याची नजर गाजराने जास्त तेज होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांच्या रात्री उडणाऱ्या वैमानिकांच्या नेमबाजीचं श्रेय गाजराला देऊन टाकलं होतं, कारण विमानातल्या रडारबद्दल बोलायचं नव्हतं. थर्ड शिफ्टला पहाटे चारला डोळे जड होतात ते झोपेमुळे, त्यावर गाजर चालत नाही.

चवीचं बघू. साधं मीठ, मिरपूड, तूप, लिंबू: झालं. मीठ नंतर घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. मला स्वतःला दाण्याचा कूट आणि लिंबू आवडतं, म्हणजे कोशिंबिरीचीच चव, फक्त गरम. रविवारी वेळ असेल तर पळीभर तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची तडतडवून वर ओता. तीळ भाजून कुटून घातले तर भोगीची आठवण येते. त्या दिवशी गाजर, वांगी, पावटा, हरभरा असं सगळं एकत्र शिजतं आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आपल्या ताटात डावी बाजू असते ना, चटणी-कोशिंबीर-लोणच्याची, तिथे हे गाजर शोभतं. मुख्य भाजी म्हणून वाढलंत तर रूममेट भांडतील.

कुठलं गाजर घ्यायचं? थंडीत लाल गाजर बाजारात भरपूर असतं, रसाळ आणि गोड. त्याचा लाल रंग लायकोपिनचा, तोच जो टोमॅटोत असतो. नारिंगी गाजर एरवीही मिळतं आणि वाफवल्यावर आकार जास्त टिकवतं, त्यामुळे या कामाला मला तेच बरं वाटतं. घेताना वाकवून बघा. रबरासारखं वाकलं तर परत ठेवा. फ्रीज नसेल तर पाला काढून ओलसर फडक्यात गुंडाळा, थंडीत तीन-चार दिवस आरामात राहतं. आणि कधी वेळ चुकली, जास्त शिजलं, तर चमच्याने ठेचून भातातच मीठ-तूप घालून कालवा. गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली!

फर्स्ट शिफ्टच्या डब्यात न्यायचं असेल तर दोन मिनिटं आधी उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा. गरम भरलंत तर डब्यातल्या वाफेने ते शिजतच राहतं. लिंबाची फोड वेगळी न्या, खाताना पिळा.

चला, भेटू पुढच्या शनिवारी.