फौजीचं घर आणि आपलं गाव



स्नेहसंमेलन म्हटलं की एखादं देशभक्तिपर समूहनृत्य असतंच. फौजीच्या वेशातला मुलगा शेवटी कोसळतो, तिरंगा येतो, सभागृह टाळ्यांनी दणाणतं. त्या टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण नृत्य जिथे संपतं तिथून जवानाच्या घरच्यांचं खरं दुखणं सुरू होतं, आणि ते निभवायला शेजाऱ्यांनी काय करायचं असतं हे आपल्या वऱ्हाडात फार थोड्यांना ठाऊक आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ते शिकून घ्यावं लागतं. नुसत्या भावनेनं ते येत नाही.

14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि 40 जवान गेले. बर्फामुळे महामार्ग काही दिवस बंद होता, त्यामुळे अडकलेले अडीच हजारांवर जवान त्या दिवशी 78 गाड्यांतून एकदमच निघाले होते. रजा संपवून परतणारे त्यात पुष्कळ. महाराष्ट्रातले दोघे त्यात गेले आणि दोघेही आपल्या वाशीमला लागून असलेल्या बुलडाणा जिल्ह्यातले : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. अंत्यसंस्काराला जनसागर लोटला, राज्य सरकारनं प्रत्येकी 50 लाखांची मदत जाहीर केली. 26 तारखेला बालाकोटवर हवाई हल्ला झाला, एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान सुरू झालं आणि देश पुढच्या विषयाकडे वळला. राष्ट्रीय तपास यंत्रणेचं 13 हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र ऑगस्ट 2020 मध्ये दाखल झालं, तेव्हा ती बातमी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली असेल? देशाचं हे असंच असतं, त्यात दोष काढण्यासारखं फारसं नाही. जवान गेलेल्या घरात मात्र याच काळात मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बँकेतलं नामनिर्देशन, सातबाऱ्यावरचा फेरफार चाललेला असतो. मदत बायकोच्या खात्यात जायची की आईवडिलांच्या, सुनेनं सासरी राहायचं की माहेरी, हे प्रश्न तेराव्याच्या आधीच ओसरीवर येऊन बसतात, आणि सल्ला द्यायला ज्यांना काही माहीत नाही असे दहा जण हजर असतात.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक ‘मिलिटरी’ अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले. पिढ्यान्‌पिढ्या घरटी फौजी असलेल्या अशा गावात आघात झालाच, तर कोणता कागद कुठे द्यायचा, बाईला कधी एकटं सोडायचं आणि कधी सोडायचं नाही, हे सांगणारी माणसं शेजारीच असतात. कापूस-सोयाबीनच्या आपल्या मुलखात फौजीची घरं विखुरलेली. गावात असं एखादंच घर असेल, तर ते दुःखात एकटं पडतं आणि माहितीतही. साधी गोष्ट घ्या. गावाच्या लेखी जवान म्हणजे मिलिटरीवाला. प्रत्यक्षात केंद्रीय राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, संरक्षण मंत्रालयाच्या नव्हे. सैन्यदलांना वगळून 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या भरतीला जी नवी पेन्शन योजना लागू झाली, ती या दलालाही लागली. पुलवामानंतर अकराच दिवसांनी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं, पण ते सैन्यदलांच्या हुतात्म्यांचं. या दलाच्या हुतात्म्यांचं स्मारक मात्र चाणक्यपुरीत, पोलिसांच्या स्मारकात. म्हणून राखीव दलाच्या विधवेला कुणी ‘सैनिक कल्याण कार्यालयात जा’ म्हणून पिटाळलं, तर तिचे हेलपाटे वाढतात; तिची विचारपूस दलाच्या ग्रुप सेंटरकडे व्हायला हवी, आणि तसं एक आपल्या नागपूरजवळ हिंगण्याला आहे.

यावर कुणी म्हणेल, सरकार पैसे देतं, आता आणखी काय? पैसा लागतोच, पण एकदम आलेली मोठी रक्कम नात्यांवर ताण आणते, आणि तो ताण सोसायला कोणतीही योजना नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि वाशीममध्ये तो टाळताच येणार नाही. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक आपला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मदत मिळते एक लाखाची, तीही पात्र ठरलं तर. तिथे ना बंदुकांची सलामी, ना मंत्री. मग फौजीच्याच घराचं एवढं कौतुक का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी गप्प बसवणार नाही. देशाच्या कामावर पाठवलेल्या माणसाबद्दल देशाचं देणं वेगळं असतं, हे खरं. पण शेजाऱ्याचं देणं दोन्ही घरांना सारखंच आहे. फेरफाराचा अर्ज भरायला बसणारी मुलगी एका घरासाठी जे शिकते, ते दुसऱ्या घरातही उपयोगी पडतं. एका दारात आठवडाभर गर्दी आणि दुसऱ्या दारात कुणीच नाही, एवढाच फरक. सहाव्या महिन्यात दोन्ही अंगणं सारखीच रिकामी.

तिसरं म्हणणं असं की अभिमान हेच सर्वांत मोठं सांत्वन. असेलही, पण तो अभिमान घरच्यांना आपसूक वाटू द्यावा. माइक पुढे करून वसूल करू नये. ‘बदला हवा का?’ असं विचारून अश्रू थेट प्रक्षेपित करणाऱ्यांनी काय मिळवलं, ते त्यांनाच ठाऊक. कर्नल संतोष महाडिकांना 2015 मध्ये कुपवाड्यात वीरमरण आल्यावर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन 2017 मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. त्यांना सलाम आहेच. पण ती त्यांची निवड होती. घरी राहून मुलं वाढवणाऱ्या, शिवण घेऊन बसणाऱ्या, पुन्हा लग्न करू पाहणाऱ्या बाईपुढे तोच दाखला मापासारखा धरणं हा अन्याय आहे. पुनर्विवाहाची गोष्ट निघाली की वीरपत्नीचा जयजयकार करणारंच गाव कसं कुजबुजतं, ते तुम्ही जाणता.

तुमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक असेल. दत्तक गावात झाडं लावता, नाल्या साफ करता, तसंच यंदा तालुक्यातल्या फौजी घरांची एक वही करा : कोण सैन्यात, कोण राखीव दलात, कोण सीमा सुरक्षा दलात, आणि कुणाच्या घरचं नामनिर्देशन अजून लग्नाआधीचंच राहिलंय. हे सगळं धडधाकट माणूस रजेवर आलेला असताना विचारायचं असतं. प्राचार्यांनी मनावर घेतलं, तर पुढच्या संमेलनात त्या वहीला बक्षीस द्यायला मी पुन्हा येईन. आता यंदाचे विजेते केव्हाचे ताटकळलेत. त्यांची नावं पुकारा.