वचनाचा अधिकार

ख्रिस्ती विश्वासात शेवटचा शब्द कोणाचा? पाळकांचा, मंडळीच्या रूढीचा, की आपल्या मनाला पटेल त्याचा? शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा, असं मी मानतो. हे मानणं किती कठीण आणि किती मोकळं करणारं असतं, ते समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता शंका पुरे, धर्मगुरू सांगतील ते मानावं, अशी तिथल्या मठातल्या भगिनींची अपेक्षा. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की, भारतातल्या पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. त्रैक्याच्या सिद्धांताला शास्त्रात आधार कुठे, हे त्या विचारत राहिल्या. काहींना हा उद्धटपणा वाटला. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ पाहा. खुद्द पौलाचा उपदेश बिरुयातले लोक दररोज शास्त्राशी ताडून पाहत होते, आणि त्याबद्दल तिथे त्यांची प्रशंसाच केलेली आहे.

मात्र, दुसऱ्याचं मत नाकारणं सोपं. स्वतःचं मत वचनापुढे नमवणं अवघड. रमाबाईंनी तेही केलं. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांनी कबूल केलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. शास्त्र वाचता वाचता त्यांची स्वतःची मतंही बदलली.

पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रिया त्याचे खिळे जुळवत. ज्यांना धर्मग्रंथाला हात लावण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या हातून ते शब्द कागदावर उतरत होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या याच कामात होत्या. वचन सर्वांवर असेल, तर ते सर्वांना वाचता आलंच पाहिजे, हे त्यांनी कृतीनं दाखवलं.

म्हणून माझी विनंती एवढीच: रविवारी उपदेश ऐकाल, तेव्हा घरी येऊन तो सबंध अध्याय स्वतः वाचा. उपदेशकाला तपासा, आणि त्याच वचनाला स्वतःलाही तपासू द्या.