शिळेवरील आंकडा आणि वहींतील नांवें
(ज्युबिली समारंभांत दिलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. मात्र आपल्या जिल्ह्यांतील खेडींपाडीं हिंडण्याचा मला जुना नाद आहे, आणि त्यांत जें पाहिलें तेवढेंच आपणांपुढें ठेवतों.

नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, आलेला पाहुणा रणगाड्यांचें संग्रहालय पाहतो, १८०३ सालीं वेलस्लीनें घेतलेला भुईकोट किल्ला पाहतो आणि परततो. खेड्यांतील शिळा पाहावयास कोणी जात नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर, ज्या गांवांनीं शिपाई दिले त्यांपैकीं कित्येक गांवीं सरकारनें एक लहानशी शिळा बसविली. अशी एक शिळा मीं एका चावडीच्या भिंतींत पाहिली. तिजवर चुन्याचे इतके थर चढले होते कीं, अक्षरें बोटांनीं चांचपून वाचावीं लागलीं. मजकूर अवघा दोन ओळींचा: या गांवाहून युद्धास इतके गेले, त्यांपैकीं इतके कामीं आले. नांव एकाचेंही नाहीं!

परदेशींही हेंच झालें. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकांत कुटच्या वेढ्यांत अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली. त्या मोहिमेंतील चाळीस हजारांहून अधिक मृतांचें स्मारक बसऱ्यास उभारलें. त्यावर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं, पण साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या! युद्धसमाधि आयोगानें ही चूक कबूल केली ती २०२१ सालीं.

त्या चावडीपासून शंभर पावलांवर जुन्या प्रार्थनामंदिराचा चौथरा आहे. भिंती पडल्या, कडुनिंब तेवढा उभा आहे. अशा वास्तूंत आठवडाभर शाळा भरे आणि फादर येतील त्या दिवशीं मिस्सा होई. केंदळ, वळण, संगमनेर या भागांत येशुसंघाचे जर्मन धर्मगुरु खपले. युद्ध पेटतांच ते सरकारच्या लेखीं शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येक नजरकैदेंत पडले, पुढें मायदेशीं धाडले गेले. नजरकैद्यांची मोठी छावणी तर खुद्द नगरासच होती. आपला जिल्हा १९८७ सालीं नाशिक धर्मप्रांतांत गेला, तोंपर्यंत तो पुणें धर्मप्रांतांत होता. त्या पुण्याचे बिशप डोरिंग युद्धकाळांत युरोपांत अडकले. त्यांस परतूं दिलें नाहीं. १९२१ सालीं त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमास झाली, आणि पुण्यास ते पुन्हा आले ते १९२७ सालीं.

म्हणजे पाहा, मेंढपाळ तारेच्या कुंपणांत आणि कळपांतील तरुण त्याच सरकारच्या पलटणींत! महार समाजास १८९२ पासून बंद असलेली भरती १९१७ सालीं खुली झाली, १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं मोडलीही. या कृतघ्नतेस मला दुसरा शब्द सुचत नाहीं.

पण त्या फादरांनीं एक ठेवा मागें ठेविला, तो म्हणजे बाप्तिस्म्याच्या वह्या. मुलाचें नांव, बापाचें, आईचें, गांव, तारीख. या वह्या मीं लग्नाच्या आणि दफनाच्या वह्यांशीं ताडून पाहिल्या. कांहीं मुलगे बाप्तिस्म्याच्या पानावर आहेत. पुढें त्यांचें लग्न नाहीं, दफनही नाहीं. हे सर्व इराकांत पडले असें मी म्हणत नाहीं. कोणी मुंबईच्या गिरणींत गेला असेल, कोणी १९१८ च्या तापसरींत परगांवीं वारला असेल. खात्री करावयास दुसरा पुरावा हवा.

तो आपल्या घरांत असूं शकेल. त्या युद्धांतील शिपायांस मिळालेल्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नांव आणि पलटण कोरलेली असते. शिळेनें जें गाळलें तें कडेवर आहे! एका आजीबाईंकडे चौकशी केली तेव्हां त्या म्हणाल्या, “बाबा, बहात्तरच्या दुष्काळांत तो बिल्ला सोनाराला दिला, पोरांच्या ज्वारीपायीं.” त्यांस मी काय बोलणार?

तेव्हां माझी विनंती एवढीच. ज्यांच्या पेटींत असें पदक, पेन्शनचा कागद किंवा पलटणीचें पत्र असेल त्यांनीं तें मोडींत घालूं नये. येत्या रविवारीं मिस्सेनंतर फादरांच्या परवानगीनें जुन्या वह्या घेऊन मी पडवींत बसणार आहें. वडीलधाऱ्यांस बरोबर आणावें. मुलांनीं भिंग आणि कोरी वही आणावी. कडेवरचीं अक्षरें फार बारीक असतात.